वर्षाला आठ रुपये

माझं अक्षर चांगलं होतं. बढाई मारायला म्हणून हे सांगत नाही. त्या अक्षरापायी माझं काय झालं ते ऐकलं की यात बढाईसारखं काही नाही हे कुणालाही कळेल. पण होतं खरं चांगलं. ओळ अशी जायची की खाली पट्टी धरल्यासारखी, आणि आकडे तर छापल्यासारखे.

मी तेव्हा पिंपळगाव राजाच्या मराठी शाळेत मास्तर होतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. मोठे साहेब नागपूरला, मधले साहेब बुलढाण्याला आणि आम्ही घाटाखाली. पगार बावीस रुपये. शाळेच्याच एका खोलीत टपालाचा तराजू, शिक्का आणि शाईची गादी ठेवलेली होती. ते कामही माझ्याकडेच असायचं, त्याचे महिन्याला चार रुपये निराळे. सकाळी थैली यायची, मी पोरांना पाढे म्हणायला लावायचो आणि तेवढ्यात थैली फोडून पत्रांवर शिक्के मारायचो. झोपायलाही मी तिथंच, टपालाच्या खोलीत. स्वयंपाक स्वतःच्या हातचा. गावात कुणाकडे दुभतं असलं की एक लोटा माझ्याकडे यायचा, हुरड्याच्या दिवसात तर कुणाकुणाला नाही म्हणावं कळायचं नाही.

बायको माझ्याजवळ नव्हती. ती घाटावर, चिखलीच्या पलीकडे आमच्या गावी, माझ्या आईजवळ. लग्नाला चार वर्षं झाली होती. त्यात आम्ही दोघं एका छपराखाली किती दिवस राहिलो ते उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्या मोजून सांगता येईल. आईला मी महिन्याला दहा रुपयांची मनिऑर्डर करायचो. उरल्या सोळात बिऱ्हाड थाटता येत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. आज वाटतं, आलं असतं. लोक त्याहून कमीत राहत होते. पण मास्तराचं बिऱ्हाड म्हणजे दोन पितळी घागरी, एक पाट, आल्यागेल्याला चहा, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं, आणि ते बसेपर्यंत बायकोनं तिकडेच बसावं, असा तो सगळा शहाणपणा.

पहिलं बाळंतपण तिकडेच झालं. तिला माहेर नव्हतं. आई लहानपणीच गेलेली, काकांनी वाढवलेली. म्हणून पहिली खेपही सासरीच. आमच्या गावात सुईण नाही. सुईण ओढ्यापलीकडच्या गावात, तीन मैलांवर. आई एकटी. बायकोला सोडून जावं तर कसं, आणि न जावं तर कसं. शेवटी शेतावर जाणाऱ्या कुणाच्या तरी पाया पडून निरोप धाडला. सुईण आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि पोर गेलेलं होतं. मुलगा होता म्हणे.

ती बातमी मला माझ्याच थैलीतून मिळाली. नेहमीसारखी थैली फोडली, पत्रं ओळीनं लावली आणि एकेकावर शिक्का मारत गेलो. एका कार्डावर शिक्का मारला आणि मग पत्ता वाचला. पत्ता माझाच होता. अक्षर आमच्या गावच्या दुकानदाराचं. तसलं कार्ड घरात ठेवत नाहीत, वाचून लगेच फाडतात. मी फाडलं. आणि उरलेल्या पत्रांवर शिक्के मारले, कारण लोक ओट्यावर थांबले होते. पोरं सतराचा पाढा म्हणत होती.

दोन वर्षांनी संक्रांतीला चार दिवसांची रजा मिळाली, आणि तिला पुन्हा दिवस राहिले. उन्हाळ्याच्या सुटीत मी घरी गेलो होतो, तेव्हा तिला चौथा लागला होता. बोलणं कमी करणारी बाई. मी निघायच्या दिवशी माझी पिशवी भरता भरता म्हणाली, "या खेपेले मी इथं नाही राहत. जिथं तुमी, तिथं मले न्या."

मी म्हटलं, "नेतो."

"कधी?"

"पोळ्याच्या आत नेतो."

तिनं मान हलवली आणि पिशवीची दोरी आवळली. एवढंच बोलणं झालं. पुढचं सगळं त्या 'नेतो'पायी.

मी परत आलो आणि आठच दिवसांत, देव पावल्यासारखा, नांदुऱ्याच्या एका जिनाचा, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचा, दिवाणजी शाळेच्या ओट्यावर येऊन उभा राहिला. कापसाच्या उगराणीला, येणं वसूल करायला, गावोगाव हिंडणारा माणूस. त्याला तीन मनिऑर्डरी करायच्या होत्या. मी फॉर्म भरून दिले, बेरीज सांगितली, पावत्या फाडून हातात ठेवल्या. तो पावतीकडेच बघत राहिला.

"मास्तर, हे अक्षर तुमचं?"

"मंग कोणाचं?"

"किती देतात तुमाले?"

मी सांगितलं. तो हसला. म्हणाला, आमच्या काट्यावरचा कारकून गेला, वह्या लिहायला माणूस पाहिजे. पस्तीस देऊ. पाहून तर जा.

पुढच्या रविवारी मी नांदुऱ्याला गेलो. हंगाम नव्हता, जिन बंद. आवारात सरकीचा वास आणि कोपऱ्याकोपऱ्यात जुन्या रुईचे पुंजके. दिवाणजीनं मला गादी दाखवली, उतरत्या झाकणाची लिहायची पेटी दाखवली. दिवाळीपासून आठ महिने पस्तीस. पुढचे चार महिने जिन बंद, तेव्हा अर्धा पगार, पण नोकरी कायम. स्टेशनामागच्या गल्लीत एक खोली होती, ती दाखवली. भाडं चार रुपये. खोली बरी होती, मागे मोरी, पुढे ओटा. परत येताना त्यानं गल्लीच्या तोंडाशी एका हिरव्या दाराकडे बोट केलं. "इथं नर्सबाई राहते. बाळंतपनं करते. आमच्या घरची दोन्ही तिनंच केली."

मी ते ऐकलं. अगदी कानानं ऐकलं. पण मी त्या वेळी भाड्याचे बारा चोक अठ्ठेचाळीस करत होतो.

"पोळ्यापर्यंत कळवा," दिवाणजी म्हणाला. "गणपतीत वह्या नव्या लागतात, तवा मानूस बसला पायजे."

त्या आठवड्यात शाळा सुटल्यावर मी टपालाचा एक जुना फॉर्म घेतला, पाठीमागच्या कोऱ्या बाजूला मधोमध रेघ मारली. एका बाजूला 'इकडचं', दुसऱ्या बाजूला 'तिकडचं'. इकडे बावीस अधिक चार, बारा महिन्यांचे तीनशे बारा. बायको आणली तर गावात एखादं घर घ्यावं लागेल, त्याचं दीड रुपयाप्रमाणे अठरा वजा. राहिले दोनशे चौऱ्याण्णव. तिकडे आठ महिन्यांचे दोनशे ऐंशी, चार महिन्यांचे अर्ध्या पगारानं सत्तर. साडेतीनशे. भाड्याचे अठ्ठेचाळीस वजा. तीनशे दोन.

फरक वर्षाला आठ रुपये. मी तीनदा बेरीज केली, तीनदा आठच.

तुम्हाला खरं सांगतो, मला बरं वाटलं. आठ रुपयांसाठी कोण मास्तरकी सोडतं? मला मास्तरकी सोडायची नव्हतीच. मी रस्त्यानं निघालो की ओट्यावरची माणसं उठून उभी राहायची, त्यात माझ्या बापाच्या वयाची असायची. जिनात मी काट्यावरचा कारकून, शेठ हाक मारणार, "अरे ए!" मी कागदावर इकडच्या बाजूला सगळ्यात खाली 'मान' असा शब्द लिहिला आणि पुढे आकडा घातला नाही. तिकडच्या बाजूला नर्सबाई लिहिली नाही. ती पगारात येत नव्हती. मान पगारात कसा आला, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

तरी बायकोला दिलेला शब्द होताच. इकडेच राहून तो पाळायचा तर थोडा पगार वाढायला हवा होता. तीस झाले तर सगळंच जमेल, असं मी धरून बसलो. शाळेच्या मागेच एक म्हातारी सुईण राहायची, तेव्हा इथं आणलं तरी तिची सोय होणार होती. फक्त तीस व्हायला हवे होते.

दिवाणजीनं मध्येच पानाच्या दुकानावर बोलून ठेवलं असावं. एका संध्याकाळी पाटील आले. गावातला मोठा माणूस, त्यांची दोन पोरं माझ्या वर्गात. ओट्यावर बसायच्या आधीच म्हणाले, "काऊन गुरुजी, नांदुऱ्याले जाऊन राह्यले म्हन्ते तुमी?"

मी नुसतं हसलो. हो नाही, नाही नाही. ते हसणं मला आजही आठवतं आणि कानशिलं तापतात. मोठ्या बाजारात किंमत झालेल्या बैलाचा मालक हसतो, तसलं हसणं होतं.

"किती देऊन राह्यले ते?"

"पस्तीस."

"बाप्पा!" पाटील खरंच हादरले. "मंग आमच्या पोट्ट्यायचं काय? मांगचा मास्तर दुपारच्याले झोपे. तुमी आले तवा कुठी पोट्टे वाचाले लागले. तुमाले जाऊ नाई देत आमी. बुलढान्याले अर्ज करू. तुमचा पगार वाढवाले लावू साहेबाले."

दोन दिवसांत गावच्या चावडीवर पंधरा-वीस जण जमले. गावात शिवणकाम करणारे एक चाचा होते, त्यांची मुलगी माझ्याकडे पहिलीत होती. ते म्हणाले, "हाव, अर्ज तगडा पायजे. मुलायम नको." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सगळे माझ्याकडे बघू लागले.

कारण गावचे अर्ज मीच लिहायचो. विहिरीचा गाळ काढायचा अर्ज मी लिहिला होता, कोंडवाड्याच्या भिंतीचा मी लिहिला होता, रस्त्याच्या पुलाचा तर तीनदा. अर्ज म्हटलं की मास्तर, हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की हा अर्ज कुणाबद्दल आहे हे कुणाच्या डोक्यात आलंच नाही. माझ्याही नाही. कुणाच्याही पायात काटा गेला की न्हाव्याकडे जावं, आणि न्हाव्याच्या पायात गेला तर तो स्वतःच काढणार, तसं ते झालं. पाटील सांगत होते, मी लिहीत होतो. आणि पाटलांच्या वऱ्हाडीची सरकारी मराठी करता करता मी रंगून गेलो. 'सदर मास्तर हे मेहनती, सुशील व निर्व्यसनी असून' हे पाटलांचं नाही, माझं. 'त्यांना अन्यत्र पस्तीस रुपयांची नोकरी चालून आली असताही' हेही माझं. शेवटी लिहिलं, 'तरी त्यांचा पगार किमान तीस रुपये करण्यात यावा, ही समस्त गावकऱ्यांची नम्र विनंती.' वाचून दाखवलं तेव्हा चाचांनी "वाह" म्हटलं आणि मी मान खाली घातली, पण ती लाजेनं नव्हे.

खाली सात सह्या आणि चोपन्न अंगठे. शाईची गादी टपालाचीच. अंगठा कुणाचा ते प्रत्येकासमोर मीच लिहिलं. पाकिटावर पत्ता मी लिहिला. पाटील म्हणाले, रजिस्टर करा, साधं पत्र साहेब वाचत नाही. मी रजिस्टर केलं, शिक्का मारला आणि रजिस्टरच्या पावतीवर सही केली. म्हणजे कागदापासून पावतीपर्यंत जिथं जिथं शाई लागली होती, तिथं तिथं माझा हात होता.

मग वाट पाहणं. आषाढ गेला. श्रावण लागला. मी बायकोला कार्ड टाकलं, दुकानदार वाचून दाखवेल म्हणून जपूनच लिहिलं: 'काम होण्याच्या बेतात आहे.' दिवाणजीलाही पोळ्याच्या चार दिवस आधी कार्ड टाकलं: 'थोडी सवलत असावी.' त्याचं उत्तर आलं नाही. माझं गणित असं होतं की बुलढाण्याहून तीस आले तर नांदुऱ्याला नाही म्हणायचं, नाही आले तर हो म्हणायचं. दोन्ही दारं उघडी ठेवून मी मधोमध उभा होतो आणि त्यालाच व्यवहार म्हणत होतो. तिकडे घाटावर तिला सातवा संपत आला होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बुलढाण्याहून पत्र आलं. पगाराचं नव्हतं. समक्ष हजर राहावं, असं होतं.

शाळा तपासणारे साहेब वयस्कर गृहस्थ होते. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या टेबलावर तो अर्ज होता आणि शेजारी माझा हजेरीचा मासिक तक्ता. दोन्ही कागद त्यांनी माझ्याकडे फिरवले.

"मास्तर, यातलं अक्षर कुणाचं?"

मी बघितलं. खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत मला ते दिसलंच नव्हतं. पाण्यात तोंड बघावं तसं दोन्ही कागदांत मीच होतो. तोच 'र', तीच वेलांटी.

"माझं," मी म्हटलं.

"आणि हे सुशील व निर्व्यसनी मास्तर कोण?"

बाजूला बसलेल्या कारकुनानं खाली वाकून दौतीत टाक बुडवला. तो हसत होता हे मला त्याच्या खांद्यावरून कळलं.

"साहेब, गावचे अर्ज मीच लिहितो. सगळेच. त्यांना दुसरं कुणी..." मी सांगायला लागलो. सांगता सांगता ते मलाच खोटं वाटायला लागलं. खरं होतं, तरी खोटं वाटायला लागलं.

"पगार वाढवून मागणं हा गुन्हा नाही," साहेब म्हणाले. "साधा अर्ज केला असता, दोन ओळींचा, तर मी शिफारस केली असती. तुमचं काम चांगलं आहे, मला माहीत आहे. पण नोकरानं गाव उठवून स्वतःची स्तुती लिहून घ्यायची, पस्तिसाची भीती घालायची, हे मी सोडून दिलं तर उद्या प्रत्येक शाळेतून असा एक कागद येईल." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "तुमची बदली केली आहे. आपल्याच जिल्ह्यातला जळगाव तालुका. पूर्णेपलीकडे."

"तिथं टपाल?"

"नाही. टपाल दुसऱ्या गावी आहे."

म्हणजे बावीस. चार गेले.

मी बुलढाण्याहून तसाच मोटारीनं घाट उतरलो आणि नांदुरा गाठलं. राजीनामा देतो आणि जिनात बसतो, असं रस्ताभर घोकत होतो. आता मला शेठची 'अरे ए' ही हाकसुद्धा गोड लागली असती. जिनाच्या दारातून आत गेलो तर गादीवर एक तरुण पोरगा बसला होता. त्याच्यासमोर तीच पेटी आणि नव्या वह्यांची चळत. कोऱ्या पानांवर तो रेघा मारत होता. रेघा सरळ नव्हत्या.

दिवाणजीला वाईट वाटलं. त्यानं चहा मागवला. म्हणाला, "मास्तर, तुमाले पोळा सांगितला होता ना मी? तुमचं कार्ड आलं, शेठ म्हणे, ज्याले सवलत पायजे त्याले गरज नाही. मी का करू?"

गल्लीच्या तोंडाशी हिरवं दार उघडं होतं. आत एक बाई पातेल्यात काहीतरी उकळत होती. मी थांबलो आणि बघत राहिलो. तिनं विचारलं, "कोण पाहिजे?" मी म्हटलं, "कोणी नाही."

पिंपळगावात पाटील रडकुंडीला आले. पुन्हा अर्ज करू म्हणाले. मी हात जोडले. चाचांनी माझ्या कोटाचं फाटलेलं अस्तर शिवून दिलं, पैसे घेतले नाहीत. त्यांच्यातल्या एकानंही मला बोल लावला नाही, आणि मलाही त्यांना लावता आला नाही. चुकलं कोण, हे कुणाला धड सांगताच येत नव्हतं.

नव्या गावी हजर व्हायला पाच दिवस होते. त्यातले दोन मी घरी जायला वापरले.

बायको अंगणात बसून दुपटं शिवत होती. दाराशी एक बोचकं बांधून ठेवलेलं. मला पाहून ती उठली, जडपणानं उठली, आणि तिची नजर माझ्या मागे गेली. गाडी कुठं आहे ते बघत होती. मी गाडी आणली नव्हती.

मी तिला सगळं सांगितलं. तो कागदही काढला. का काढला कोण जाणे. आपण काही कमी विचार केला नव्हता, हे तिला पटवायचं असावं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून एकेक आकडा बोटानं दाखवून वाचत गेलो. इकडचे इतके, तिकडचे इतके, भाडं वजा, फरक आठ. ती शेवटपर्यंत ऐकत होती. आई उंबऱ्यात बसली होती.

"अन् सुईन कोन्त्या बाजूले लिहिली?" तिनं विचारलं.

मी कागदाकडे बघितलं. मग म्हटलं, "ती लिहायची राहिली."

तिनं दाराशी ठेवलेलं बोचकं उचललं. आत जाऊन बोचकं सोडलं, एकेक कपडा काढून पेटीत ठेवला. मी ओट्यावर बसून ते सगळं ऐकत होतो. पेटीच्या झाकणाचा आवाज आला तेव्हा मला रडू आलं. आईसमोर रडलो.

पूर्णेला भाद्रपदाचं पाणी होतं. नावेतून पलीकडे गेलो. नवं गाव भलं होतं, शाळा कुडाची. टपाल आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी. पत्रं आता दुसऱ्याच्या शिक्क्याची येत होती. पूर्वी मी लोकांना म्हणायचो, 'नाही आलं काही, उद्या बघा,' आणि ते का हलत नाहीत याचा मला राग यायचा. आता मी बाजाराच्या दिवशी त्या टपालवाल्यासमोर तसाच उभा राहायचो. आश्विन सरता सरता रात्रीचं जेवण जाईना. दिवस भरत आले होते. तिथून आमचं गाव म्हणजे नदी, रेल्वे, घाट आणि वर पंधरा-वीस मैल. मी तिथं असून नसल्यासारखाच होतो.

दिवाळीच्या सुटीला चार दिवस असताना कार्ड आलं. अक्षर गावच्या दुकानदाराचं. पत्त्याची बाजू वर होती. मी ते उलटं केलं नाही. बाजारातून शाळेत आलो, शाळेतून नदीकडे गेलो, कार्ड हातात तसंच. हात लावून पाहिलं, मरणाच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असतो म्हणून कोपरा धड होता की नाही ते बघितलं, जणू कोपऱ्यावर काही अवलंबून आहे. शेवटी एका दगडावर बसून उलटं केलं. 'मुलगी झाली. दोघी सुखरूप. काळजी नसावी.' नऊ दिवसांपूर्वीचं होतं.

घरी पोचलो तेव्हा लेक पंधरा दिवसांची होती. बायको बाजेवर, बाजेखाली शेगडी. मी विचारलं, सुईण वेळेवर आली का?

आईच म्हणाली, "ते कायची येते? हेच गेली तिच्याघरी. म्या नाही म्हनलं, लोक हासतीन म्हनलं. ऐकलं नाही."

मग बायकोकडून थोडं थोडं कळलं. नववा लागल्यावर ती बैलगाडीत बसून ओढ्यापलीकडच्या गावी गेली आणि सुईणीच्याच घरी राहिली. बारा दिवस आधीपासून. मुलगी तिथंच झाली, आणि पाचवी आटोपल्यावर माघारी आली. मी विचारलं, तिला दिलं काय?

"दोन पायल्या ज्वारी अन् एक लुगडं."

"ज्वारी कुठली?"

"निंदाले गेली होती मी. पंधरा दिवस. तुमी गेल्यावर."

आठव्या महिन्यात ती लोकांच्या शेतात तण काढायला गेली होती. मास्तराची बायको. लुगडं पेटीतलं होतं, लग्नातलं, न नेसलेलं.

मी मनात मांडलंच. सवय होती, थांबवता आली नाही. ज्वारी इतक्याची, लुगडं इतक्याचं. साडेतीन रुपये. साडेतीन रुपयांत ते काम झालं होतं, आणि ते गेल्या खेपेलाही झालं असतं.

"हे असं करता येतं तर आधीच का नाही सांगितलं?" मी विचारलं. माझ्या आवाजात राग होता. कुणावर होता कुणास ठाऊक.

ती मुलीच्या कपाळावरची तीट सारखी करत होती. "तुमी नेतो म्हनले होते ना," ती म्हणाली. "म्या वाट पायली."

उशाशी ओव्याची पुडी होती. बाळंतिणीला चघळायला आईनं करून ठेवलेली. पुडीच्या कागदावर मधोमध रेघ होती आणि एका बाजूला माझ्या सुरेख अक्षरात 'मान' असं दिसत होतं. कागद मी त्या वेळी तिथंच विसरलो होतो. मी पुडी उचलली, तिच्या हातावर थोडा ओवा ठेवला आणि पुडी पुन्हा बांधून उशाशी ठेवली.

पुढे आणखी तीन बदल्या झाल्या, एकदा अकोल्याला बऱ्या पगाराची नोकरीही चालून आली. दर वेळी कागद काढायच्या आधी मी तिला विचारलं. ती दोन वाक्यांत सांगायची आणि तेच बरोबर निघायचं. पहिल्या मुलाच्या वेळी मात्र मी तिला काहीच विचारलं नव्हतं. तेव्हा मी टपालाच्या खोलीत बसून लोकांची पत्रं वेळेवर पोचवत होतो.